कॅमेऱ्याचं कलर प्रोफाइल: कोणाला उपयोगी, कसं बनवायचं आणि कसं तपासायचं

आमसुली पैठणी फोटोत वांगी दिसते. मोरपंखीतला हिरवा हरवतो आणि नुसता निळा उरतो. राणी रंग लालाकडे सरकतो. साडी हातात पडल्यावर गिऱ्हाईक म्हणतं, "फोटोत असा नव्हता रंग", आणि पार्सल परत येतं. साडीचे फोटो काढणाऱ्याला मग कुणीतरी सांगतं की चोवीस चौकोनांचा कलर चार्ट घे, कॅमेऱ्याचं स्वतंत्र प्रोफाइल (त्याने टिपलेले रंग दुरुस्त करणारी फाइल) बनव, सगळं सुटेल.

सगळं सुटत नाही, पण काही नक्कीच सुटतं. एकाच प्रकारच्या लाइटमध्ये पुन्हा पुन्हा काम होत असेल, फाइल रॉ (कॅमेऱ्याने जेपेग न बनवता जशीच्या तशी ठेवलेली) असेल आणि फोटोतला रंग समोरच्या खऱ्या वस्तूशी ताडून पाहिला जाणार असेल, तर स्वतःचं प्रोफाइल बनवणं योग्य. साड्या, कापड, चित्रांच्या नकला, सौंदर्यप्रसाधनं, रंगाचे डबे ही कामं यात येतात. एकाच कामात दोन कंपन्यांचे कॅमेरे वापरणाऱ्यांनाही त्याचा फायदा होतो. निसर्गचित्रं, रस्त्यावरचे फोटो, नाटकाचा रंगमंच आणि थेट जेपेग देणारी कामं यांत मेहनत वाया जाते. तिथे रंगाची अचूकता कोणी मोजत नाही, आणि मोजायची म्हटली तरी उजेड क्षणाक्षणाला बदलत असतो.

प्रोफाइल नेमकं काय करतं

सेन्सरवरचे लाल, हिरवे, निळे फिल्टर आपल्या डोळ्यासारखे रंग पाहत नाहीत. १९३१ साली सीआयई या प्रकाश आणि रंगाची मापं ठरवणाऱ्या संस्थेने सरासरी मानवी दृष्टीचे वक्र ठरवून दिले. आजही रंगाचं सगळं मोजमाप त्यावर उभं आहे. कॅमेऱ्याचे तीन फिल्टर त्या वक्रांशी गणिताने तंतोतंत जुळवता आले असते तर एका साध्या मॅट्रिक्सने (आकड्यांच्या छोट्या चौकटीने) काम भागलं असतं. प्रत्यक्षातला कोणताही नेहमीचा कॅमेरा तसा जुळत नाही. त्यामुळे डोळ्याला सारखे दिसणारे दोन रंग कॅमेऱ्याला वेगळे दिसू शकतात, आणि याच्या उलटही होतं. प्रोफाइल म्हणजे या तफावतीवर काढलेली तडजोड. त्यात एक मॅट्रिक्स असतं आणि बहुतेक वेळा त्यावर एक तक्ता असतो. अमुक रंगछटा एवढी सरकवायची, तमुकची तीव्रता एवढी कमी करायची, असं तो तक्ता सांगतो.

लाइटरूम या फोटो-संपादनाच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं अडोबी कंपनीचं प्रोफाइल सहसा दोन ठरावीक प्रकाशांसाठी बेतलेलं असतं. एक २८५६ केल्विनचा (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा लहान तेवढा उजेड पिवळसर) टंगस्टन बल्बसारखा, दुसरा ६५०० केल्विनचा दिवसाचा. सॉफ्टवेअर या दोघांच्या मधलं गणित करून तुमच्या व्हाइट बॅलन्सला (पांढरा पांढराच दिसावा म्हणून केलेल्या दुरुस्तीला) जुळवून घेतं. तुमच्या स्टुडिओतला एलईडी पॅनल मात्र या दोन्हींत बसत नाही. त्याच्या प्रकाशात काही तरंगलांबींचे उंचवटे आणि काहींचे खड्डे असतात. स्वतःच्या प्रोफाइलचा खरा फायदा या उंचवट्या-खड्ड्यांमुळे सरकलेले रंग जमेल तेवढे जागेवर आणण्यात आहे. चांगल्या फ्लॅशमध्ये हाच फायदा बराच कमी दिसतो, कारण फ्लॅशचा प्रकाश मुळातच दिवसाच्या प्रकाशाजवळ असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. एप्रिल २०१८ पासून लाइटरूम नव्या रॉ फाइलला आपोआप "अडोबी कलर" लावतं. त्यात थोडा कॉन्ट्रास्ट आणि रंगांची थोडी ऊब मुद्दाम मिसळलेली आहे. ती मोजणी नाही, कंपनीची आवड आहे. स्वतःचं प्रोफाइल लावल्यावर जो फरक डोळ्यात भरतो, त्यातला मोठा वाटा ही आवड निघून जाण्याचा असतो. म्हणून तुलना करताना आधी "अडोबी स्टँडर्ड" लावून पाहा. तेवढ्यानेच काम भागत असेल तर चार्टचे पैसे वाचले.

चार्ट उघडण्याआधी

पहिलं काम मॉनिटरचं. कॅलिब्रेट न केलेल्या स्क्रीनवर पाहून प्रोफाइल बरं की वाईट हे ठरवताच येत नाही. हातात एकाच यंत्राचे पैसे असतील तर आधी मॉनिटरचा कलरिमीटर (स्क्रीनचे रंग मोजणारं यंत्र) घ्या, चार्ट नंतर. मॉनिटर अर्धा तास चालू ठेवा. मग पांढरा बिंदू डी ६५ (म्हणजे साधारण ६५०० केल्विन), गॅमा २.२ आणि ब्राइटनेस चौरस मीटरला १०० ते १२० कँडेला असं लक्ष्य ठेवून कॅलिब्रेट करा. स्क्रीन जास्त उजळ असली की फोटो गडद बनतात, आणि गडद झालेला रंग चुकीचा वाटू लागतो.

दुसरं काम उजेडाचं. खोलीतली ट्यूब बंद करा, खिडकीचे पडदे लावा. फ्लॅश वापरत असाल तर आयएसओ १००, एफ ८ आणि १/१२५ सेकंद या सेटिंगवर फ्लॅश न पेटवता एक फोटो काढा. तो जवळजवळ काळा यायला हवा. त्यात काही दिसत असेल तर खोलीतला परका उजेड फोटोत मिसळतो आहे. भिंत पिस्ता किंवा गुलाबी असेल तर तिचा रंग उडून कापडावर बसतो. तिथे काळं किंवा करडं कापड टांगा. कॅमेऱ्यामागे उभं राहणाऱ्याचा भगवा कुर्ताही हेच करतो, म्हणून काळा किंवा करडा शर्ट घाला.

एलईडी घेताना डब्यावरचा सीआरआयचा (दिव्याखाली रंग किती खरे दिसतात याच्या मापाचा) एकच आकडा पाहून थांबू नका. तो आकडा आठ फिकट रंगांची सरासरी असतो. गडद लाल रंगासाठीचा आर ९ हा वेगळा आकडा त्या सरासरीत धरलेलाच नसतो. कुंकू, डाळिंबी, राणी, मरून हे रंग नीट दिसायचे असतील तर आर ९ पाहावाच लागतो, आणि तो ९० च्या वर असावा. लाइटमध्ये गडद लाल तरंगलांबी पुरेशी नसेल तर तो लाल सेन्सरपर्यंत पोहोचतच नाही, आणि जी माहिती फाइलमध्ये आलीच नाही ती प्रोफाइल कुठून आणणार? लाइट बदलणं महाग वाटतं, पण साडीच्या कामात पैसे पहिले तिथेच घालावेत.

कोणता चार्ट

चोवीस चौकोनांचा कलरचेकर १९७६ मध्ये मॅकबेथ कंपनीने आणला. नंतर तो एक्स-राइटकडे गेला आणि आता कॅलिब्राइट या नावाने मिळतो. वरच्या ओळीत गडद त्वचा, फिकट त्वचा, आकाश, पानं, निळं फूल आणि निळसर हिरवा, असे रोजच्या जगातले रंग आहेत. खालच्या ओळीत पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत सहा तटस्थ छटा. खिशात मावणारा पासपोर्ट आणि मोठा क्लासिक यांचं तत्त्व एकच. साडीसारख्या मोठ्या वस्तूला क्लासिक सोयीचा, बाहेरगावच्या कामाला पासपोर्ट. डेटाकलरचा स्पायडरचेकरही चालतो, फक्त प्रोफाइल बनवणारं सॉफ्टवेअर तो ओळखतं का हे आधी पाहा.

१४० चौकोनांचा एसजी चार्ट घेण्याचा मोह टाळा. तो अर्धवट चकचकीत आहे. लाइटचा कोन जरा चुकला की गडद चौकोनांवर चकाकी येते, आणि ती चूक प्रोफाइलमध्ये कायमची बसते. चित्रांच्या नकलांसाठी ज्यांचा सगळा सेटअप बांधीव आहे, त्यांच्याच हाती तो नीट चालतो.

जुना चार्ट हाती असेल तर त्यामागची तारीख वाचा. नोव्हेंबर २०१४ पासून बनलेल्या कलरचेकरच्या रंगांची मूळ मूल्यं थोडी बदलली आहेत. डार्कटेबलसारख्या सॉफ्टवेअरमध्ये २०१४ पूर्वीचा आणि नंतरचा असे दोन पर्याय वेगळे येतात. चुकीचा निवडला तर काम फारसं बिघडल्यासारखं दिसत नाही, म्हणूनच ही चूक लवकर सापडत नाही.

चार्टचा फोटो

साडी जिथे ठेवणार, त्याच जागी, त्याच पातळीत चार्ट ठेवा. लाइटही त्याच जागी. चार्ट सेन्सरला समांतर हवा, भिंतीला टेकवून तिरपा नको.

दोन लाइट दोन्ही बाजूंनी ४५ अंशांत, सारख्या अंतरावर आणि सारख्या पॉवरवर लावा. एकाच लाइटने का भागत नाही, ते आकड्यांत पाहा. छोटा लाइट चार्टच्या मध्यापासून १ मीटरवर ४५ अंशांत असेल, तर २८ सेंटिमीटर रुंद क्लासिक चार्टची जवळची कड साधारण ९० सेंटिमीटरवर येते आणि लांबची ११० वर. अंतराच्या वर्गाने उजेड कमी होतो, शिवाय लांबच्या कडेवर तो जास्त तिरपा पडतो, म्हणजे जवळच्या कडेवर दीडपटीहून जास्त उजेड पडतो. सॉफ्टवेअरला हा फरक रंगाचा वाटतो. दोन लाइट २ मीटरवर दोन्ही बाजूंना ठेवले की मध्य आणि कडा यांच्यातला फरक १ टक्क्याच्या आसपास येतो. खात्रीसाठी चार्टच्या जागी मोठा करडा कागद ठेवून एक फोटो काढा आणि मध्यावरचे व चारही कोपऱ्यांवरचे आकडे वाचा. २ टक्क्यांहून जास्त फरक दिसला तर लाइट हलवा.

फ्रेममध्ये चार्ट मधोमध ठेवा आणि फ्रेमच्या पाव ते एक तृतीयांश भागापेक्षा मोठा दिसू देऊ नका. लेन्सच्या कडांकडे उजेड कमी होतो, तो चार्टवर यायला नको. चार्टभोवती काळं किंवा करडं कापड असावं, पांढरं टेबल नको. इथेही आकडा बोलका आहे. चार्टचा काळा चौकोन पडलेल्या उजेडापैकी साधारण ३ टक्के उजेड परत पाठवतो. पांढऱ्या टेबलावरून किंवा लेन्सच्या आतल्या परावर्तनातून आणखी १ टक्का उजेड तिथे मिसळला, तर तो चौकोन एक तृतीयांशाने उजळ होतो. पांढऱ्यावर हाच १ टक्का कळतसुद्धा नाही. गडद रंगांचं प्रोफाइल बिघडण्यामागे बहुतेक वेळा हेच कारण सापडतं. लेन्सहूड लावा, लेन्सवरची धूळ पुसा, पोलरायझर (चकाकी कमी करणारा फिल्टर) काढून ठेवा. तुमचं नेहमीचं काम पोलरायझर लावून होत असेल तर चार्टचा फोटोही पोलरायझर लावूनच घ्या.

फाइल रॉ, आयएसओ कॅमेऱ्याचा मूळ, म्हणजे ६४, १०० किंवा १६० जो असेल तो. अ‍ॅपर्चर एफ ८. एक्सपोजर एकच न घेता एक तृतीयांश स्टॉपच्या अंतराने पाच फोटो घ्या. लाइटरूममध्ये पांढऱ्या चौकोनावर कर्सर नेल्यावर तिन्ही आकडे ९० ते ९५ टक्क्यांच्या आसपास दिसतील तो फोटो निवडा. एखादा आकडा ९८ च्या वर असेल तर तो चॅनेल (लाल, हिरवा किंवा निळा) कापला गेल्याची, म्हणजे कमाल मर्यादेला पोहोचल्याची शंका घ्या आणि पुढचा गडद फोटो घ्या. एक्सपोजर कमी आलं म्हणून स्लायडरने वर नेऊन चालवून घेऊ नका. काळ्या चौकोनातला नॉइज (दाणेदारपणा) प्रोफाइलमध्ये जातो.

व्हाइट बॅलन्स खालच्या ओळीतल्या दुसऱ्या चौकोनावर, म्हणजे पांढऱ्याशेजारच्या फिकट करड्यावर घ्या. तो साधारण ५९ टक्के उजेड परत पाठवतो. त्यामुळे कापला जाण्याची भीती नसते आणि नॉइजही कमी असतो. ए४ कागद यासाठी वापरू नका. त्यात पांढरेपणा वाढवणारी रसायनं असतात. ती अतिनील प्रकाश घेऊन निळा परत फेकतात, त्यावर व्हाइट बॅलन्स घेतला की सगळा फोटो पिवळसर होतो.

फाइलपासून प्रोफाइलपर्यंत

लाइटरूम किंवा फोटोशॉपमधलं कॅमेरा रॉ वापरणाऱ्यांसाठी सोपा रस्ता असा. निवडलेली रॉ फाइल डीएनजी (अडोबीचा रॉ फाइलचा प्रकार) म्हणून एक्सपोर्ट करा, किंवा अडोबीच्या मोफत डीएनजी कन्व्हर्टरमधून काढा. ती कॅलिब्राइटच्या कॅमेरा कॅलिब्रेशन सॉफ्टवेअरमध्ये टाका. सॉफ्टवेअर चार्ट स्वतः शोधतं. सापडला नाही तर चार कोपरे हाताने दाखवा. प्रत्येक चौकोनावर दिसणारी खूण चौकोनाच्या आतच आहे ना, कडेला टेकत नाही ना, हे मोठं करून पाहा. मग प्रोफाइल बनवा. नावात कॅमेरा, लाइट आणि तारीख घाला, उदाहरणार्थ "झेड६-सॉफ्टबॉक्स-जानेवारी". नुसतं "नवीन प्रोफाइल २" असं नाव ठेवलेल्या फाइलचा दोन महिन्यांनी काही अर्थ लागत नाही.

लाइटरूम बंद करून पुन्हा उघडल्याशिवाय नवं प्रोफाइल दिसत नाही. तरीही दिसलं नाही तर फाइल कुठे गेली ते तपासा. विंडोजमध्ये वापरकर्त्याच्या अ‍ॅपडेटा फोल्डरमधल्या रोमिंगमध्ये अडोबी, त्यात कॅमेरा रॉ, त्यात कॅमेरा प्रोफाइल्स हे फोल्डर असतं. मॅकवर ते वापरकर्त्याच्या लायब्ररीतल्या अ‍ॅप्लिकेशन सपोर्टमध्ये अडोबीखाली असतं. फाइल जागेवर असूनही दिसत नसेल, तर तुम्ही दुसऱ्या मॉडेलच्या कॅमेऱ्याचा फोटो उघडलेला आहे. डीसीपी प्रोफाइल (अडोबीच्या पद्धतीचं, आपण आता बनवलं ते) ज्या मॉडेलचं असतं, त्याच मॉडेलच्या रॉ फाइलवर दिसतं. जेपेगवर ते कधीच दिसणार नाही.

लाइटरूममध्ये एका वेळी एकच प्रोफाइल लागतं, हे बरेचजण विसरतात. फिल्मसारखा लूक देणारे अनेक प्रीसेट स्वतःचं प्रोफाइल लावतात आणि तुमचं बाजूला सारतात. आवडत्या प्रीसेटवरच सगळं काम चालत असेल तर स्वतःच्या प्रोफाइलचा उपयोग जवळजवळ शून्य आहे. नियमित कामासाठी फक्त प्रोफाइल असलेला एक प्रीसेट बनवा. प्रेफरन्सेसमधल्या प्रीसेट्स टॅबमध्ये जाऊन रॉ डिफॉल्ट्समध्ये तो त्या कॅमेऱ्यासाठी नेमून ठेवा. मग आयात होतानाच तो लागतो.

कॅप्चर वन हे दुसरं रॉ सॉफ्टवेअर आयसीसी या वेगळ्या प्रकारचं प्रोफाइल वापरतं, त्याची वाट वेगळी आहे. बेस कॅरेक्टरिस्टिक्समध्ये आयसीसी प्रोफाइल "नो कलर करेक्शन" आणि कर्व्ह "लिनियर रिस्पॉन्स" करा. करड्यावर व्हाइट बॅलन्स घ्या. १६ बिटची टिफ काढताना प्रोफाइलच्या जागी "एम्बेड कॅमेरा प्रोफाइल" निवडा. याच टिफवरून आयसीसी बनतं. वापरतानाही कर्व्ह लिनियर रिस्पॉन्सच ठेवायचा. इथे कर्व्ह बदलला की रंग चुकतात, कारण प्रोफाइल त्या कर्व्हसकट मोजलेलं असतं.

पैसे न घालता करायचं असेल तर डार्कटेबलच्या कलर कॅलिब्रेशन मॉड्यूलमध्ये चार्टवरून दुरुस्ती काढण्याची सोय आहे. चार्टचा प्रकार निवडा, कोपरे जुळवा आणि कशाला प्राधान्य द्यायचं ते सांगा. तटस्थ रंग, तीव्र रंग, त्वचा आणि माती, पानं, आकाश आणि पाणी, असे पर्याय त्यात आहेत. साडीसाठी तीव्र रंगांना प्राधान्य द्या, माणसांसाठी त्वचेला. आधीचा आणि नंतरचा डेल्टा ई (दोन रंगांतल्या फरकाचं माप) तिथेच दिसतो. रॉथेरपी हे मोफत सॉफ्टवेअर तर डीसीपी फाइल थेट घेतं. कलर मॅनेजमेंटमध्ये इनपुट प्रोफाइल "कस्टम" करून फाइल दाखवायची.

टोन कर्व्हची अडचण

अनेकजण इथेच अडकतात. डीसीपी प्रोफाइलवर लाइटरूम आपला नेहमीचा टोन कर्व्ह (कोणती छटा किती उजळ किंवा गडद दिसावी हे ठरवणारा वक्र) चढवतं. तो कर्व्ह मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट वाढवतो, आणि कॉन्ट्रास्ट वाढला की रंगही गडद आणि तीव्र होतात. मग चार्टचे चौकोन मूळ मूल्यांशी ताडून पाहिले तर आकडे जुळत नाहीत, आणि प्रोफाइल बिघडलं असं वाटतं. प्रोफाइल बरोबर असतं. त्यावर कर्व्ह चढलेला असतो.

साडी पडद्यावर छान दिसायला थोडा कर्व्ह लागतोच, नाहीतर फोटो मरगळलेला वाटतो. चित्राची नक्कल किंवा कापडाच्या शेडकार्डासारखं काम असेल तर मात्र कर्व्ह सरळ हवा. अडोबीच्या जुन्या मोफत डीएनजी प्रोफाइल एडिटरमध्ये प्रोफाइल उघडून टोन कर्व्ह लिनियर करा आणि वेगळ्या नावाने जतन करा. एकाच लाइटसाठी असं दिसायला सुंदर एक आणि मोजमापाचं एक, अशी दोन प्रोफाइलं ठेवणं सोयीचं पडतं.

खरंच उपयोग झाला का

चार्टचा फोटो उघडून त्याच चार्टवर प्रोफाइल तपासणं निरर्थक आहे. ज्या चोवीस रंगांवर ते बेतलं त्यांवर ते चांगलंच दिसणार. परीक्षा चार्टवर नसलेल्या रंगांची घ्या. डाळिंबी, राणी, आमसुली, जांभळी, मोरपंखी आणि पोपटी अशी सहा-सात रेशमी कापडं, झेंडूचं फूल, हळद आणि कुंकू त्याच लाइटमध्ये एका फ्रेममध्ये ठेवा. एक रॉ फाइल, तिच्या दोन व्हर्च्युअल कॉपी. एकीला अडोबी स्टँडर्ड, दुसरीला तुमचं प्रोफाइल. व्हाइट बॅलन्स आणि एक्सपोजर दोन्हींत अगदी सारखं. मग ते खरं कापड ५००० केल्विनच्या, चांगल्या सीआरआयच्या दिव्याखाली पाहा.

कापड आणि मॉनिटर शेजारी ठेवून एकाच नजरेत तुलना करू नका. मॉनिटर डी ६५ वर आणि दिवा ५००० केल्विनवर असेल तर स्क्रीन निळसर वाटणारच. आधी कापड पाहा, मग मान वळवून अर्धा मिनिट स्क्रीन पाहा आणि डोळे स्थिरावले की ठरवा. दुसऱ्या एखाद्याला बोलवा, कोणती कॉपी कुठली हे त्याला सांगू नका, आणि कापडाच्या जवळची कोणती हे विचारा. सात कापडांपैकी पाच-सहांत तुमचं प्रोफाइल सरस ठरलं तर ते ठेवा. निम्म्यात सरस आणि निम्म्यात वाईट असेल तर काढून टाका. डेल्टा ई १ च्या आसपासचा फरक डोळ्याला जेमतेम कळतो. त्यामागे दिवस घालवू नका.

दुसरी परीक्षा उतरत्या छटांची. गडद निळ्या कापडाच्या चुण्या, संध्याकाळचं आकाश किंवा रंगीत एलईडीखालचा चेहरा पाहा. चोवीस चौकोनांवरून बेतलेला तक्ता चौकोनांच्या मधल्या जागेत अंदाज बांधतो, आणि गडद निळ्या-जांभळ्यात हा अंदाज फसतो. छटा सलग उतरण्याऐवजी तिथे पट्टा पडतो किंवा निळा अचानक जांभळा होतो. असं दिसलं तर त्या कामापुरतं कंपनीचं प्रोफाइल वापरा.

जे प्रोफाइलने होत नाही

पैठणीतलं धूपछाव वाण हे सर्वांत चांगलं उदाहरण. त्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. कोन बदलला की रंग बदलतो, आणि हीच त्या साडीची खासियत. तिचा "खरा रंग" एक नसतोच, मग कोणतं प्रोफाइल तो पकडणार? अशा साडीचे दोन कोनांतून दोन फोटो द्या, किंवा छोटा व्हिडिओ. जरीचंही तसंच. जरीला रंग तिच्यावर पडलेल्या चमकीतून येतो. चमक नसेल तर ती मातकट दिसते. तिथे लाइटचा कोन बदला, किंवा जरीसमोर एक पांढरा रिफ्लेक्टर धरा.

काळ्या सिंथेटिक कापडाला तपकिरी किंवा मरून झाक येत असेल तर कारण इन्फ्रारेड आहे. काही काळे रंग इन्फ्रारेड भरपूर परत पाठवतात, आणि सेन्सरसमोरचा फिल्टर ते पूर्ण अडवत नाही. चार्टवरचा काळा तसं करत नाही, म्हणून प्रोफाइलला ही चूक कळतच नाही. पांढरा शर्ट फ्लॅशखाली निळसर येतो, तो पांढरेपणा वाढवणाऱ्या रसायनांमुळे. फ्लॅशच्या नळीवर अतिनील गाळणारं आवरण नसेल तर ही झाक जास्तच येते.

काही रंग वेबच्या एसआरजीबीत, म्हणजे वेबसाठी ठरलेल्या रंगांच्या आवाक्यात, मावतच नाहीत. गडद मोरपंखीचा सर्वांत तीव्र भाग आणि झळझळीत राणी यांचा कडेचा भाग एक्सपोर्ट करताना कापला जातो. प्रोफाइलने रंग अचूक पकडला तरी शेवटी गिऱ्हाईकाच्या फोनपर्यंत तो पोहोचत नाही. लाइटरूममध्ये सॉफ्ट प्रूफिंग चालू करून एसआरजीबी निवडा आणि कोणता भाग बाहेर जातो ते पाहा. तिथे तीव्रता थोडी हाताने कमी केलेली बरी, म्हणजे कापडाचा पोत टिकतो. एकटदुकट हट्टी रंगासाठी, समजा एकच आमसुली साडी, लाइटरूमच्या पॉइंट कलर या साधनाने तेवढीच छटा सरकवा. एका साडीसाठी सगळं प्रोफाइल नव्याने बनवणं हा उलटा मार्ग आहे.

लग्नाचं काम

दोन वेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे असतील तर प्रोफाइलचा फायदा इथे स्पष्ट दिसतो. चार्ट एकदा दिवसाच्या प्रकाशात आणि एकदा टंगस्टन किंवा हॅलोजन बल्बखाली दोन्ही कॅमेऱ्यांनी टिपा. दोन्ही फोटोंवरून दुहेरी प्रकाशाचं एक प्रोफाइल प्रत्येक कॅमेऱ्यासाठी बनवा. मधल्या तापमानांसाठी सॉफ्टवेअर स्वतः गणित करतं. हॉलमधल्या एलईडी माळा, हिरवी-निळी पार लाइट (स्टेजवरचे रंगीत झोत) आणि खिडकीचा उजेड एकत्र आले की कोणतंही प्रोफाइल हात टेकतं. तिथे करड्या कार्डावर घेतलेला व्हाइट बॅलन्सच काय तो आधार. हळदीच्या पिवळ्याचा पोत उडतो तो प्रोफाइलमुळे नाही. लाल आणि हिरवा चॅनेल कापला गेल्यामुळे तो उडतो. त्यावर अर्धा स्टॉप कमी एक्सपोजर हा उपाय.

पुन्हा कधी बनवायचं

तोच लाइट, तोच सॉफ्टबॉक्स आणि तोच कॅमेरा असेपर्यंत प्रोफाइल टिकतं. लाइटची कंपनी बदलली, एलईडी पॅनल नवं आलं किंवा कॅमेऱ्याचं मॉडेल बदललं की नवं बनवा. त्याच मॉडेलची दुसरी बॉडी घेतली तर आधी जुनंच लावून पाहा, बहुतेक वेळा तेवढं पुरतं. सॉफ्टबॉक्सचं कापड पिवळं पडलं तर व्हाइट बॅलन्स पुन्हा घ्या, प्रोफाइलला सहसा हात लावावा लागत नाही.

चार्टच्या चौकोनांना बोट लावू नका, उन्हात उघडा ठेवू नका. काम झालं की लगेच बंद करून कोरड्या डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. कोकणातल्या पावसाळ्यात त्यावर बुरशीचे ठिपके येऊ शकतात, आणि तसा चार्ट पुसून परत वापरण्यात अर्थ नाही. नियमित वापरात साधारण दोन वर्षांनी तो बदलावा. नवा आणल्यावर जुना आणि नवा एकाच फ्रेममध्ये शेजारी ठेवून टिपा. एखादा चौकोन फिका पडलेला दिसला तर जुन्या चार्टवरून शेवटी बनवलेली प्रोफाइलं काढून टाका आणि नव्यावरून पुन्हा बनवा.